सर्व पक्षी जागेवर व सुस्थितीत

ताईचं पत्र आलं तेव्हा पाहणीसाहेब दाढी करत होते. बायकोने ते बाथरूमच्या दाराशी उभं राहून वाचून दाखवलं. 'पुढच्या महिन्यात येते आहे. दहा दिवस राहीन. कुठे नेऊ नकोस, कुणाला भेटवू नकोस. फक्त एकदा आपल्या समुद्रकाठच्या वाटेने मला चालव आणि लंगड्याला दाखव.' शेवटच्या वाक्याला पाहणीसाहेबांच्या हनुवटीत ब्लेड रुतलं. बायकोने तुरटी आणून दिली आणि विचारलं, "हा लंगड्या कोण?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्यांना दोन दिवस लागले.

पाहणीसाहेब हे त्यांचं नाव नव्हे. बांधकाम खात्याच्या स्थळपाहणी विभागात एकतीस वर्षं काढल्यामुळे इमारतीतल्या लोकांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं, आणि ते चिकटलं. पूल, विहिरी, पायऱ्या, कठडे, पायवाटा, सगळ्यांची पाहणी या विभागाने करायची आणि अहवाल लिहायचा. अहवालाची सुरुवात ठरलेली असे: 'प्रत्यक्ष स्थळावर जाऊन पाहणी केली असता'. शेवटही ठरलेला असे: 'सर्व काही जागेवर व सुस्थितीत आढळले'. मधल्या भागासाठी माणसाला खुर्ची, टेबल आणि मागच्या वर्षीचा अहवाल एवढंच लागे. खरोखर जागेवर जाणं हे त्या विभागात जरा कमीपणाचं समजलं जाई. पाहणीसाहेबांचे वडील याच विभागातून निवृत्त झाले होते. विहीर आपल्या जागेवर असतेच, ती कुठे उठून जाते, असं ते म्हणत आणि जेवणाच्या टेबलावर तिची पाहणी उरकत. तेव्हा पाहणीसाहेबांना कुणी आळशी म्हणू नये. तो घराण्यातला रियाज होता.

ताई त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी. लहानपणी रविवारी सकाळी ती धाकट्या भावाचं बोट धरून समुद्रकाठच्या वाटेने निघायची. काठावरच्या पक्ष्यांत चिखल्या कुठला, तुतवार कुठला, कुरव कसा ओरडतो, हे सगळं तिनेच शिकवलं. "कान आधी, डोळे मागून," असं ती म्हणायची आणि त्याचे डोळे आपल्या तळहाताने झाकून त्याला ऐकायला लावायची. तिच्या हाताला पेन्सिलीचा वास यायचा. मग तिचं लग्न झालं आणि ती रेल्वेने दोन दिवसांच्या अंतरावर गेली, जिथे समुद्र सोडा, नदीलाही चार महिनेच पाणी असे. त्यानंतर पाहणीसाहेबांनी पक्ष्यांकडे म्हणून कधी मान वर केली नाही. कुणाबरोबर बघायचे, हा प्रश्नच होता.

अकरा वर्षांपूर्वी ताईचे यजमान जिन्यावरून पडले आणि अंथरुणाला खिळले ते पुन्हा उठले नाहीत. ताई घराला बांधली गेली. तिने लिहिलं, 'मला आता निघता येणार नाही. तू महिन्यातून एकदा आपल्या वाटेने जा आणि कोण कोण आलंय ते कळवत जा.' पहिल्या महिन्यात पाहणीसाहेब खरोखर निघाले होते हे नमूद केलं पाहिजे. ते बसस्टॉपपर्यंत गेले. बस आली नाही. ऊन वाढलं. ते घरी आले, टेबलाशी बसले आणि हाताने आपोआप लिहिलं, 'प्रत्यक्ष स्थळावर जाऊन पाहणी केली असता सर्व पक्षी जागेवर व सुस्थितीत आढळले.'

पुढच्या महिन्यापासून त्यांनी वाचनालयातून पक्ष्यांचं पुस्तक आणलं आणि मागच्या सूचीतून ओळीने पक्षी उतरवायला घेतले. एका महिन्यात क आणि ख, पुढच्यात ग आणि घ. त्यामुळे एकदा भर दुपारी वाळूवर घुबड आढळलं, पण ताईने काही हरकत घेतली नाही. मग एके दिवशी पुस्तक परत द्यावं लागलं आणि पत्राचा दिवस तर आलेला. पाहणीसाहेब पेन चावत बसले. शेवटी त्यांनी लिहिलं की वाटेच्या टोकाला काळ्या खडकावर एक चिखल्या उभा असतो, मुठीएवढा, एका पायाचा. लंगडा आहे पण मजेत दिसतो.

ताईची उत्तरं एरवी महिन्याने येत. याचं पाचव्या दिवशी आलं. 'लंगड्याकडे लक्ष ठेव. हे रोज विचारतात.'

झालं. आता लंगड्याला सोडता येईना. अकरा वर्षं तो पत्राच्या शेवटी हजर राहिला. दोन वादळांतून वाचला, एकदा कुत्र्याच्या तावडीतून सुटला, एका हिवाळ्यात पंधरा दिवस उशिरा येऊन त्याने सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं. मागच्या वर्षी ताईचे यजमान गेले. त्या पत्रातही तिने खाली विचारलं होतं, 'लंगड्या आहे ना?' पाहणीसाहेबांनी लिहिलं होतं, 'आहे.'

"वन्सांना सरळ खरं सांगून टाका," बायको म्हणाली. पाहणीसाहेबांनी मान हलवली. दहा वर्षं ताईने खोलीबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, आणि त्या खोलीला जी एक खिडकी होती ती भिंतीवर रंगवलेली निघाली, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं. त्यापेक्षा सोपा उपाय होता. आपण आधी एकट्याने जायचं, वाट पाहून ठेवायची आणि एखादा लहानखुरा पक्षी हेरून ठेवायचा. एका सकाळचं काम.

त्या वाटेला आता फाटक झालं होतं आणि फाटकासाठी परवाना लागत होता. परवान्याच्या खिडकीमागे बसलेल्या कारकुनाने पाहणीसाहेबांचा अर्ज बोटाने मागे सारला. एकट्या माणसाला सोडत नाहीत, किमान पाच जण हवेत, असं तो म्हणाला. पाहणीसाहेबांनी विचारलं की वाट अवघड आहे का.

"छे, सोप्या वर्गातली आहे. म्हणून तर पाच जण. अवघड वाटेवर माणूस आपणहून जपून चालतो."

एकतीस वर्षं पाहणीसाहेबांनीही अशीच उत्तरं दिली होती. त्यांना त्या कारकुनाबद्दल थोडा आदरच वाटला. अर्जात एक रकाना होता, 'यापूर्वीच्या भेटींची संख्या'. पत्रांच्या हिशेबाने ती एकशे बत्तीस होत होती. त्यांनी तिथे एक लहानशी रेघ मारली.

पाच जण म्हणजे ते, बायको, ताई आणि आणखी दोघं. आधी गुपचूप जाऊन येण्याचा बेत तिथेच बारगळला. आणि आणखी दोघं हवेत ही बातमी इमारतीत पसरायला जिन्याचे दोन मजले पुरले. खालच्या मजल्यावरचे निवृत्त ड्रिलमास्तर त्याच संध्याकाळी शिट्टी गळ्यात घालून आले. पक्षी पाहणं म्हणजे नव्वद टक्के चालणं आणि चालणं म्हणजे शंभर टक्के शिस्त, असं त्यांचं मत होतं. त्यांच्या मागोमाग समोरचा केमिस्ट आला. त्याच्याकडे मुलाच्या पायाएवढ्या लांबीची लेन्स होती आणि आजवर तिने फक्त बाल्कनीतली कबुतरं पाहिली होती. पक्ष्यांना पांढरा रंग खपत नाही, असं त्याने बजावलं. मास्तर म्हणाले, पांढऱ्याशिवाय कवायत होत नाही. शेवटी दोघांनी मिळून सगळ्यांना मातकट टोप्या घ्यायला लावल्या. पाहणीसाहेबांच्या डोक्याचा आकार निघेपर्यंत दुकानदाराने चार टोप्या उसवल्या. बायकोने आरशात बघून आपण कुठल्या तरी गोदामाचे पहारेकरी दिसतो आहोत असं सांगितलं आणि टोपी पिशवीत टाकली.

त्यानंतर आठवडाभर गच्चीवर सराव झाला. आवाज न करता चालायचं, म्हणून मास्तर शिट्टी वाजवून सगळ्यांना थांबवत आणि कुणाच्या चपलेचा आवाज आला ते मोठ्याने सांगत. केमिस्ट औषधांच्या रिकाम्या खोक्यांवर पक्ष्यांची चित्रं चिकटवून पाहणीसाहेबांची परीक्षा घेई. अकरा वर्षं दरमहा पक्षी पाहणाऱ्या माणसाने बगळ्याला कुरव म्हटलं तेव्हा केमिस्टने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं तो चुकीची चिठ्ठी आणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहतो. पाहणीसाहेबांनी चष्म्याला दोष दिला.

ताई आली. पाहणीसाहेब तिला आणायला स्टेशनवर गेले. ती बारीक झाली होती, केस सगळे पांढरे, आणि एका डोळ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे ती मान किंचित तिरकी करून बघत होती. तिने त्यांच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "धाकट्या, म्हातारा झालास की रे." मग टॅक्सीत बसेपर्यंत तिने त्यांचं बोट सोडलं नाही. एवढं वय, मागे गर्दी, पण त्यांना वाटलं की हा रस्ता आणखी जरा लांब असता तर बरं झालं असतं.

ठरलेल्या सकाळी पाच जण फाटकाशी उभे राहिले. चौकीदाराने परवाना पाहिला, माणसं मोजली आणि पाहणीसाहेबांना अगदी आपुलकीने म्हणाला, "पहिल्यांदाच येताय ना साहेब? जपून जा."

पाहणीसाहेबांच्या कानशिलांवरून घामाचे ओघळ निघाले. ते ताईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले की चौकीदार नवीन दिसतो, ओळखत नाही. चौकीदार म्हणाला, आपण इथे चौदा वर्षं आहोत. ताई वाकून चपलेचा पट्टा आवळत होती.

फाटकावर पाटी होती. मास्तरांनी ती कवायतीच्या आवाजात वाचली: 'सोपी पायवाट. अंतर दीड किलोमीटर. वाटेत एक पूल, सुस्थितीत. वृद्ध व बालकांस सुलभ.' सगळ्यांना हायसं वाटलं.

दीड किलोमीटर एका तासाने संपलं नाही. दीड तासानेही संपलं नाही. वाट आधी वाळूतून गेली, मग खडकांवरून, मग अशा एका चिखलातून की त्यात केमिस्टचा उजवा बूट कायमचा मुक्कामाला राहिला. मास्तरांनी रांग सुटू नये म्हणून दर पन्नास पावलांवर शिट्टी वाजवली आणि तिच्या टप्प्यात असलेला प्रत्येक पक्षी उठून समुद्राकडे निघून गेला. केमिस्टला एकूण एकशे दहा फोटो मिळाले, सगळे शेपटांचे. ज्याने कुणी ही वाट सोपी ठरवली त्याला इथे आणून रोज चालवला पाहिजे, असं तो बूट नसलेला पाय झटकत म्हणाला. मास्तरांनी त्या अधिकाऱ्याच्या अकलेबद्दल काही सविस्तर मतं मांडली. पाहणीसाहेबांनीही दोन्हींना मनापासून दुजोरा दिला.

ताई मात्र त्यांच्या शंभर पावलं पुढे, टोपीशिवाय, एकटी चालत होती. मधेच थांबायची, डोळे मिटायची, ऐकायची. एकदा पाहणीसाहेब धापा टाकत तिच्याजवळ पोचले तेव्हा तिने हात वर करून त्यांना गप्प केलं. दूर कुठेतरी टिटवी ओरडत होती. "आहे अजून," ताई म्हणाली, आणि तिचा चेहरा पंधरा वर्षांच्या मुलीचा झाला. हे सगळं अकरा वर्षं इथे होतं, एका बसच्या अंतरावर.

मग खाडी लागली. गुडघाभर पाणी, वीसेक पावलं रुंद. पुलाचा पत्ता नव्हता. काठावर गंजलेली दुसरी पाटी होती, तिच्यावर 'पूल' असं लिहून बाण काढला होता आणि बाण पाण्याकडे होता. खाली बारीक अक्षरांत अहवालाचा क्रमांक होता. पाहणीसाहेबांनी तो वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि मातकट टोपी कपाळावर खाली ओढली. क्रमांक त्यांचा होता. हा पूल त्यांनी दोनदा पाहिला होता. दुसऱ्या खेपेला कठड्यांना रंग देण्याची शिफारसही केली होती. तो कधी बांधलाच नव्हता, हे कळायला जागेवर यावं लागलं.

मास्तरांनी सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं करायला घेतलं. केमिस्ट लेन्स डोक्यावर बांधण्यासाठी दोरी शोधू लागला. भरती चढते आहे, आता थांबलेलं बरं, असं बायको म्हणत होती. एवढ्यात पाण्याचा आवाज आला. ताईने पदर खोचून साडी गुडघ्यांवर धरली होती आणि ती अर्ध्या खाडीत पोचली होती. पाहणीसाहेबांनी हाका मारल्या, तिने वळून पाहिलं नाही. तेव्हा ते बुटांसकट पाण्यात शिरले. बायकोने मागून चहाचा थर्मास त्यांच्या हातात कोंबला आणि बजावलं, सांगायचं असेल ते आज सांगा.

ते पलीकडे पोचले तोवर पाणी कमरेला आलं होतं. मागच्या तिघांनी काठावरून बराच वेळ सल्ले दिले, त्यातले निम्मे वाऱ्याने नेले. आता ओहोटी लागेपर्यंत परतणं नव्हतं. समोर टोक होतं, आणि टोकाला, पाहणीसाहेबांचा विश्वास बसेना, खरोखर काळा खडक होता.

खडकावर पाय ठेवायला जागा नव्हती. भरतीने किनारा गिळल्यामुळे साऱ्या वाटेवरचे चिखल्या तिथे येऊन दाटीवाटीने उभे होते, दीडदोनशे तरी असतील, वाऱ्याकडे तोंड करून, डोळे अर्धे मिटून. आणि त्यातला प्रत्येक जण एका पायावर उभा होता.

ताईने मान तिरकी केली. "यातला कोणता?"

किती सोपं होतं. बोट दाखवायचं, झालं. दोनशे लंगडे समोर उभे होते. पाहणीसाहेबांनी बोट उचललंही. पण त्याच बोटाला ताईने स्टेशनवर धरलं होतं, आणि ते खाली आलं.

"ताई, मी इथे कधी आलोच नाही," ते म्हणाले. "एकदाही नाही. सगळं टेबलावर बसून लिहिलं."

ताई खडकाच्या कडेला एका दगडावर बसली. तिने थर्मासचं झाकण उघडलं, चहा ओतला आणि अर्धा त्यांना दिला.

"ते मला पहिल्या पत्रातच कळलं होतं. आपल्या बाबांचे अहवाल मीच तर पुन्हा उतरवून काढायचे, शाई सांडली की. सगळं जागेवर, सगळं सुस्थितीत." ती थोडं हसली. "नंतर तर तू बाराखडीच लावलीस. पण तुला बोलले असते तर तू लिहिणं थांबवलं असतंस. महिन्यातून एक तास तू माझ्यासाठी टेबलाशी बसतोस, तेवढं मला पुरत होतं."

पाहणीसाहेबांचा जीव भांड्यात पडला. पण तो फार वेळ तिथे राहिला नाही.

"लंगड्या तेवढा खरा होता ना?" ताईने विचारलं. "आपल्या घरात लंगडं काही आढळलं असं कुणी कधी लिहिलं नव्हतं. म्हणून मी ह्यांना सांगितलं, बाकीचं सोडा, पण हा खरा आहे."

पाहणीसाहेबांनी खाली बघतच नकारार्थी मान हलवली.

ताई समुद्राकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही. ह्यांना कूस बदलायला मी उचलायचे, ती हळूहळू सांगू लागली, तेव्हा दर वेळी विचारायचे, लंगड्या आहे ना. तो एका पायावर वादळं काढतो म्हणायचे, मग मला काय झालंय. शेवटच्या दिवशीही विचारलं. मी म्हटलं, आहे. पाहणीसाहेबांना वाटलं की त्या पुलासारखे आपणही या क्षणी अस्तित्वातच नसतो तर बरं. त्यांनी ताईचा हात धरला, कारण दुसरं काही हाताशी नव्हतं. तीन तास दोघं तसेच बसले. पक्षीही उभे होते.

मग पाणी उतरू लागलं. खडकाखाली चिखलाचा एक पट्टा उघडा पडला आणि पक्ष्यांनी एकेक करून पोटाखाली दुमडलेला दुसरा पाय बाहेर काढला. दहा, वीस, पन्नास, सगळे तुरुतुरु खाली धावत सुटले. शेवटी खडकावर एकच उरला. तो एका पायावरच उभा होता.

ताई उठून उभी राहिली. "धाकट्या, मला या डोळ्याने नीट दिसत नाही. काय आहे ते बघून सांग."

पाहणीसाहेब गुडघ्यांवर बसले, ओल्या चष्म्यातून बघत राहिले. आयुष्यात एवढी त्यांनी कशाचीच पाहणी केली नव्हती. मनातल्या मनात ते त्या मुठीएवढ्या पक्ष्याला विनवत होते की बाबा रे, असाच राहा. त्याने पिसं झाडली, आळस दिला, आणि दुसरा पाय खाली टेकला.

खोटं बोलायला अजून वेळ होता.

"दोन आहेत, ताई," ते म्हणाले. "दोन्ही धड आहेत."

पक्षी खडकावरून उतरला आणि चिखलातून पळत गेला. तो बाकीच्यांत मिसळेपर्यंत ताई त्याच्याकडे बघत राहिली.

"मग बरा झाला असेल," ती म्हणाली.

दहा दिवस संपल्यावर ती परत गेली. गाडी सुटताना तिने खिडकीतून एवढंच सांगितलं की पत्र लिहीत जा.

आता पाहणीसाहेब दर महिन्याला जातात. बायको येते, शिट्टी घरी ठेवण्याच्या अटीवर मास्तर येतात, जुने बूट घालून केमिस्ट येतो. परवान्याला पाच नावं लागतात म्हणून पाचवं नाव ताईचं असतं. चौकीदार माणसं मोजतो आणि विचारतो, पाचव्या बाई कुठे आहेत. पाहणीसाहेब सांगतात, मागून येताहेत. चौकीदार रस्त्याकडे बघतो, पाहणीसाहेबही बघतात, आणि मग तो फाटक उघडतो. घरी येऊन ते टेबलाशी बसतात. परवाच्या पत्रात त्यांनी लिहिलं, 'प्रत्यक्ष स्थळावर जाऊन पाहणी केली असता चिखल्या त्रेचाळीस, टिटवी एक. लंगड्या ओळखू येत नाही, सगळेच धड चालतात. पुलाबद्दल तक्रार दिली आहे. माणसं चार हजर होती. पाचवी जागेवर आढळली नाही.'